मागचं डावं दार

२ नोव्हेंबर, रविवार. दुपार.

शी. छत्तीसगढच्या या शहरात माणसाने चांगली वस्तू घेऊच नये.

दिवाळीत घेतलेली गाडी आज पहिल्यांदा ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या गल्लीतून बाहेर निघाली आणि गल्लीच्या तोंडाशीच ठोकली. चालवत होती माझी बायको, पद्मिनी. गाडी तिच्या पगाराची, पण पारख माझी. किती सेकंडहँड गाड्या पाहिल्या, बोनेट बोटांनी वाजवून पाहिले, तेव्हा कुठे हा अनटच, म्हणजे कधीच न ठोकलेला, पीस मिळाला.

मी खाली उभा राहून, ड्रायव्हरला येऊ दे सांगतात तसं, "आन दे, आन दे" करत होतो. तेवढ्यात शेजारचे दिवाकरराव ओट्यावर आले, म्हणून मी नमस्कार केला. तोंडाने आन दे चालूच राहिलं, ते सवयीने. बाई डावीकडे वळली आणि मंदिरापुढच्या लोखंडी खांबाने मागचं डावं दार आत दाबलं.

कढईएवढा खड्डा. मधोमध उभी रेघ.

पद्मिनी म्हणते, "तुमीच तं आन दे म्हणाले." मी म्हटलं, चालवणाऱ्याला स्वतःचे डोळे पाहिजेत. आमची सोनिया कॉलेजात आहे, मराठी सगळं समजते पण उत्तर हिंदीतच देते. ती म्हणाली, "पापा, आप तो दिवाकर अंकल को देख रहे थे।" हिला कोणी विचारलं?

ठराव. डेंटरकडे जाणार नाही. ते लोक हातोडे मारतात, खड्ड्यात पुट्टी थापतात, वरून रंग फासतात. किळस येते. खड्डा मी स्वतः काढीन, शास्त्रीय पद्धतीने. येत्या रविवारच्या आत. आणि तोवर गाडी गल्लीबाहेर जाणार नाही. लोक काय म्हणतील?

पद्मिनीने विचारलं, मग मी शाळेत कशी जाऊ? ती बीरगांवच्या शाळेत शिकवते. म्हटलं, इतकी वर्षं ऑटोने गेलीस, अजून एक आठवडा जा.

३ नोव्हेंबर, सोमवार.

ऑफिसात काम नव्हतं. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. एक गोरा माणूस. खड्ड्यावर गरम पाणी ओततो, संडास मोकळा करायचा रबरी पंप लावतो, ओढतो. टप्प! खड्डा गायब. ना हातोडा, ना पुट्टी. शुद्ध विज्ञान. आत हवा नाही, बाहेर हवा आहे, बास. शाळेत मला फिजिक्समध्ये चांगले मार्क होते.

सोनियाला दाखवला. म्हणे, "पापा, वो बंपर है, प्लास्टिक का। अपना तो दरवाज़ा है।" आजकालच्या पोट्ट्यांना तत्त्व समजत नाही. त्यांना फक्त पदार्थ दिसतो.

येताना सदर बाजारात उतरलो. दुकानदाराने पंप काढला आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारलं, "भैया, लेट्रिन जाम है क्या?" सोनं घ्यायला निघालेल्या बायका थांबून पाहायला लागल्या. मी सांगितलं, कारसाठी पाहिजे. त्याने आतल्या भावाला हाक मारली आणि म्हणाला, "इधर आ, इनको देख।"

घाणेरडे लोक. त्या दुकानात पुन्हा जाणार नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार. पुन्नीची, म्हणजे कार्तिक पौर्णिमेची सुट्टी.

पहिला प्रयोग. सकाळी गल्ली रिकामी असेल असं वाटलं होतं. पण अख्खा पारा, म्हणजे सगळा मोहल्ला, महादेवघाटावर आंघोळ करून त्याच वेळी परत येत होता. ओले केस, पिशव्या, कपाळाला गंध, आणि सगळे माझ्याभोवती. कोणी म्हणे, काय झालं. कोणी म्हणे, गाडीलाही संडास लावला काय. हसले. पुण्य करून आलेली माणसं ही!

पाणी उकळून आणलं, दारावर ओतलं. अर्धं माझ्या चपलेत गेलं. पंप लावला, ओढला. फुस्स. पुन्हा फुस्स. दोष पंपाचा नाही. हिवाळा लागला की कारखान्यांकडून जी काळी धूळ येते ती रात्रीतून दारावर बसते, रबर पकड घेत नाही. पुसलं. पुसेपर्यंत आणखी बसली. फडकं काळंकुट्ट झालं. हे आपण श्वासातून घेऊन राहिलो!

शेवटी पाण्याचं अख्खं भांडं काचेच्या फटीतून आत गेलं. तेव्हापासून मागच्या डाव्या खिडकीची काच खाली होत नाही. थंडीत खिडकी उघडायची काय गरज आहे?

खड्डा निघाला नाही, पण पत्रा सैल झाला आहे. बोटाला जाणवतं. पद्मिनीला जाणवलं नाही. तिची बोटं खडूची.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.

लिहितानाही शिसारी येऊन राहिली.

मी ऑफिसात असताना दिवाकरराव घरी आले, "नीलकंठभाऊंचा तो पंप द्या जरा" म्हणून पंप घेऊन गेले. त्यांचं तुंबलं होतं. संध्याकाळी परत आणून आमच्या ओट्यावर ठेवला. धुतला असेल असं पद्मिनी म्हणते. मी वास घेतला. नव्हता धुतला.

मी काठीने उचलून गल्लीच्या टोकाला फेकून दिला. पंधरा मिनिटांत दिवाकरराव तो घेऊन हजर. म्हणाले, "भाऊ, तुमचा कोणीतरी फेकला होता, मी ओळखला." पुन्हा ओट्यावर ठेवला.

रविवारची मुदत पाळणं आता माझ्या हातात नाही. याला शेजार जबाबदार.

९ नोव्हेंबर, रविवार.

माझी चूक एवढीच की मी स्वस्त साधनावर विश्वास ठेवला. काचवाले मोठ्या काचा उचलतात तो कप मागवला होता. काळं रबर, वर हँडल, लिव्हर दाबली की चिकटतो. आज आला. किती वजन उचलतो ते खोक्यावर लिहिलं आहे. माणूस उचलला जाईल इतकं.

गाडीवर लावण्याआधी ताकद तपासणं हा अभियांत्रिकीचा नियम. सपाट, गुळगुळीत जागा पाहिजे होती. घरातल्या भिंतींना पोपडे. टेबलाचा सनमायका निघालेला. तेव्हा डोक्याच्या टकलावर लावला.

ताकद आहे.

लिव्हर उलटी फिरेना. सोनियाला हाक मारली. तिने आधी फोटो काढला, मग कप काढला. मधल्या काळात पद्मिनी येऊन गेली, स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. हसण्याचा आवाज नळाने झाकला जात नाही, हे तिला अजून माहीत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार.

डोक्यावर जांभळं गोल वर्तुळ. बशीएवढं. टोपी घालून गेलो. ऑफिसात कसल्याशा कार्यक्रमाला राष्ट्रगीत झालं, टोपी काढावी लागली. आजच नेमकं राष्ट्रगीत!

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून दार लावलं आणि हळू आवाजात विचारलं, "घर में सब ठीक है ना? मैडम से कुछ..." मी म्हटलं, सर, ही थेरपी आहे, रक्त शुद्ध होतं. ते म्हणाले, छुट्टी चाहिए तो ले लो. साहेबांना माझी कदर आहे, हे या निमित्ताने कळलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार.

काल संध्याकाळी पद्मिनीला शाळेची इन-चार्ज हेडमास्तरीण केलं. पेढे आणले होते. नुसतं इन-चार्ज. परमनंट नाही. मी तसं समजावून सांगितलं, म्हणजे तिने उगाच हुरळून जाऊ नये. तिने पेढ्याचा डबा मिटवला.

आता शाळेच्या किल्ल्या तिच्याकडे. सगळ्यांच्या आधी पोचायला पाहिजे. ऑटो भरल्याशिवाय हलत नाही, आणि आज ती पोचली तेव्हा पोरं गेटबाहेर थंडीत उभी होती. लहान वर्गातली एक पोट्टी रडून राहिली होती, असं म्हणाली. "गाडी दारात उभी आहे आणि मी लेकरायले उभं ठेवते," म्हणाली.

मी म्हटलं, पहिल्याच दिवशी हेडमास्तरीण ठोकलेल्या गाडीतून उतरली तर पोरं काय शिकतील? ती उठून पोळ्या लाटायला गेली. म्हणजे पटलं.

गाडीची किल्ली मी माझ्या टिफिनच्या पिशवीत ठेवली आहे. सुरक्षिततेसाठी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. ऑफिसला उशिरा गेलो.

दुसरा प्रयोग. यशस्वी!

दार पुसलं, सुकवलं, कप लावला, लिव्हर दाबली, गाडीला पाय टेकवला आणि पूर्ण वजनाने मागे झुकलो. टप्प! अगदी व्हिडिओसारखा आवाज. कप सुटला, मी आमच्याच ओट्यावर बसलो, थेट पंपावर, तो भाग लिहीत नाही. आंघोळ दोनदा केली.

पण पत्रा हलला. रेघ होती तिथेच आहे. तिच्या खालचा भाग आत आहे आणि वरचा बाहेर आला आहे. दिवाकरराव म्हणाले, "पहिले खड्डा होता, आता टेंगूळ बी झालं." बघण्याची दृष्टी नसलेला माणूस. खड्डा जागेवरून निघाला म्हणजे तो आता मुक्कामाला नाही, प्रवासात आहे.

पद्मिनीने दार पाहिलं. म्हणाली, "राहू द्या ना आता. मले चालते तसंच." तिला चालतं. मला चालत नाही. हाच फरक आहे आमच्यात.

१६ नोव्हेंबर, रविवार.

किळस. संताप. जगावरचा विश्वास उडाला.

नवीन किट मागवलं होतं. प्लास्टिकची छोटी बटणं गरम गोंदाने पत्र्यावर चिकटवायची आणि वरून ओढून खड्डा वर काढायचा. व्यावसायिक लोक हेच वापरतात. रेघेवर बटणं लावली. छान रांग दिसत होती. गोंद वाळला. ओढलं.

दाराचा रंग पापडासारखा निघून हातात आला. त्याच्यामागे बोटभर जाड पुट्टी. पिवळी, मऊ, कोणाच्या तरी जुन्या जखमेवरची खपली निघावी तशी. खाली गंज. पद्मिनीच्या आधी कोणीतरी नेमकं हेच दार कुठेतरी ठोकलं होतं, आणि कुठल्यातरी डेंटरने थापून दिलं होतं. विकणाऱ्याने तोंडावर खोटं सांगितलं. माणूस इतका खालच्या पातळीला जाऊ शकतो!

पद्मिनीने शांतपणे विचारलं, "हे अनटच होय का?" मी म्हटलं, बोनेट अनटच आहे, मी बोनेट वाजवलं होतं. सोनिया म्हणाली, "पापा, दरवाज़ा भी बजा लेते।"

जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो.

१७ नोव्हेंबर, सोमवार.

पद्मिनीने जाहीर केलं की येत्या सोमवारपासून ती गाडी नेणार. खड्डा असो, टेंगूळ असो, गंज असो. मी म्हटलं, किल्ली? ती म्हणाली, गाडीसोबत दोन किल्ल्या मिळतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी मोठ्या मनाने मुदत मान्य केली. एक अख्खा रविवार आहे माझ्याकडे. आतापर्यंत आपण बाहेरून ओढत होतो, हीच मूळ चूक. खड्डा आतून बाहेर ढकलला पाहिजे. कुलूपवाले दाराच्या फटीत एक चपटी रबरी पिशवी घालतात आणि पंपाने फुगवतात. ती मिळाली आहे. दाराच्या आतलं आवरण खोलायचं, पिशवी आत सोडायची, फुगवायची, खड्डा बाहेर. इतकं सोपं कोणाला सुचत कसं नाही?

पद्मिनीशी बोलणं कमी झालं आहे. ती दमून येते. मला वाटतं तिला ऑटोचा वीट आला आहे. तिने तक्रार केली असती तर मी ऐकली असती.

२३ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ.

लिहावं की नाही. लिहितो. हे कोणी वाचणार नाही.

गाडी उजवीकडून भिंतीला अगदी चिकटवून उभी करवून घेतली, म्हणजे डाव्या बाजूला कामाला जागा. पद्मिनीनेच लावली आणि डावीकडून उतरली. ती आणि सोनिया मग देवळात गेल्या. मी मागच्या सीटवर बसलो, आतलं आवरण खोललं, पिशवी आत सोडली. दाब नीट यावा म्हणून दार आतून ओढून बंद केलं. पंप मारायला लागलो. पत्रा कुरकुरला. मला आनंद झाला. अजून मारला. आत काहीतरी कट् झालं.

पिशवी सोडली, दार उघडायला गेलो. आतली कडी लुळी. ओढली की नुसती हलते, मेलेल्या पक्ष्याच्या पंखासारखी. काच खाली होत नाही, ते वर लिहिलंच आहे. उजवं दार उघडलं तर भिंत. उरला पुढच्या सीटचा रस्ता. दोन सीटच्या मधून मी डोकं आणि खांदे काढले. पोट निघालं नाही. मागे जायला गेलो, तेही जमेना. गुडघा हँडब्रेकवर, नाक डॅशबोर्डवर, त्यावर कारखान्यांची तीच काळी धूळ.

हाक मारायला लाज वाटत होती. मग मारली. आधी दिवाकरराव आले. काचेला दोन्ही हात लावून आत पाहिलं. म्हणाले, "भाऊ, काय करून राहिले?" मी म्हटलं, काम करून राहिलो. ते म्हणाले, "मदत पायजे का?" मी म्हटलं, नको. ते ओट्यावर जाऊन बसले, पण माझ्याकडे तोंड करून. मग शेजारच्या बायका आल्या. कोणीतरी खुर्ची आणली.

पद्मिनी देवळातून आली तेव्हा गल्ली भरली होती. मला वाटलं आता ही हसेल. नळही नव्हता जवळ. ती हसली नाही. तिने पुढचं डावं दार उघडून सीट मागे सरकवली, माझा हात धरला, "श्वास सोडा" म्हणाली, आणि मला सोडवलं. लोकांना म्हणाली, "चला, झालं, जा घरी." हेडमास्तरीण बोलते तशी. सगळे गेले. दिवाकररावसुद्धा.

घरात येऊन तिने माझ्या गुडघ्याला हळद लावली. मी म्हटलं, दार आता बाहेरून नीट उघडतं, तो भाग मी जपला. ती "हव" म्हणाली. छत्तीसगढी लोकांत राहून तिला हा शब्द लागला आहे. त्यात हो असतं, नाही असतं, आणि जाऊ द्या असतं.

खड्डा आहे. थोडा मोठा वाटतो. संध्याकाळच्या उजेडामुळे असेल.

२४ नोव्हेंबर, सोमवार.

आज गाडी गेली.

मी सोबत जायचं ठरवलं, कारण पहिल्या दिवशी अनुभवी माणूस पाहिजे. माझं लायसन्स तिच्याआधीचं आहे. चालवत नाही, कारण या शहरातल्या लोकांना चालवता येत नाही. शिवाय माझं ऑफिस खमतराईला, तिच्या वाटेवरच.

पुढे बसायला गेलो तर पद्मिनी म्हणाली, मागे बसा, शांताबाई येणार आहेत. शांताबाई त्यांच्या शाळेत जेवण शिजवतात. त्यांचे गुडघे दुखतात म्हणे. माझे काय लोखंडाचे? मग वाटेत त्यांच्याच शाळेतल्या भावना मॅडम चढल्या, त्या उजवीकडून. मी डाव्या दाराशी. मांडीवर दोघींच्या पिशव्या. एका पिशवीत कांदे होते.

सांगायला जीभ वळवळत होती. डावीकडे सायकल आहे, पुढे ट्रक आहे, गिअर बदल. सुरुवातीला सांगितलं. शांताबाई मागे वळून म्हणाल्या, "भैया, मॅडमला चालवू द्या ना." त्यानंतर मी फक्त पायांनी ब्रेक दाबला.

एक गोष्ट मान्य करायला हवी. रस्त्यावर लोक आमच्यापासून लांब राहत होते. ऑटोवाले, मोटारसायकलवाले, एक ट्रकसुद्धा. दार पाहायचे आणि बाजूला व्हायचे. भावना मॅडम म्हणाल्या, "दीदी, ये दरवाज़ा मत बनवाना, इससे रास्ता मिलता है।" तिघी हसल्या. पद्मिनी गाडी चालवताना गुणगुणते. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला हे माहीत नव्हतं.

ऑफिसला इतक्या लवकर मी नोकरीत पहिल्यांदाच पोचलो. गाडी गेटशी थांबली. मी उतरायला गेलो, कडी हलवली, मग आठवलं. बसून राहिलो. पद्मिनी तिच्या बाजूने उतरली, गाडीला वळसा घालून आली आणि बाहेरून माझं दार उघडलं. वॉचमन खुर्चीतून उठला आणि त्याने सलाम ठोकला. इतकी वर्षं मी त्या गेटातून जातो, त्याने कधी मान वर केली नाही. मी हात वर करून सलाम घेतला.

तो म्हणाला, "मैडम, गाड़ी अंदर लगा लीजिए, बाहर कोई ठोक देगा।" मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "आप उतरके ज़रा साइड हो जाओ भैया।"

पद्मिनी म्हणाली, नाही, मला शाळा उघडायची आहे.

मी कांद्याची पिशवी सीटवर ठेवली आणि खाली उतरलो. दार लोटलं. लागलं नाही. पुन्हा लोटलं. मग तिनेच खालून हलकं उचललं, कमरेचा धक्का दिला, आणि ते लागलं. कालच्या संध्याकाळपासून आत्तापर्यंत केव्हा शिकली ही हे?

मी तिला सांगणार होतो की पुढच्या रविवारी मी परत बघतो, एक नवीन प्रकार आला आहे. पण तोवर ती बसली होती, आणि गाडी बीरगांवच्या दिशेने वळली होती, आणि तिला वळताना कोणी आन दे म्हणत नव्हतं.